ओडीलचा ओटा

चार वाजवणाऱ्यांना एका खोलीत, एका वेळी, शुद्धीत आणि आपापल्या वाद्यांसकट हजर करणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मी ते सत्तावीस वर्षं केलं. न्यू ऑर्लिन्समध्ये मला लोक पियानोवाली म्हणून ओळखायचे, पण माझा अर्धा जन्म फोनवर गेला. अमुक आजारी, तमुकची बायको रागावलेली, तिसऱ्याचं वाद्य गहाण. प्रत्येकाला गोड बोलायचं, मग ओरडायचं, मग परत गोड बोलायचं.

आमच्यात नुसत्या वाजवण्यावर जगणारं कुणीच नव्हतं. नार्सिस बास वाजवायचा आणि दिवसा भिंतींना गिलावा करायचा. होसिया ड्रमवर बसायचा आणि दिवसा गोदीत पोती उचलायचा. आणि ट्रंपेटवर ओविड ट्रेपानिए, जन्मभर चिरूट वळत आलेले, बोटांना कायम तंबाखूचा वास. ते माझे पारें, म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरणारे धर्मपिता. त्यांना नावाने हाक मारायची माझी काय, होसियाचीही हिंमत नव्हती. सगळे त्यांना पारेंच म्हणत.

एकसष्ट साली शिकागोहून हॅलोरन नावाचा एक गोरा माणूस टेपचं यंत्र घेऊन आला. आमचं वाजवणं त्याला रेकॉर्डवर घ्यायचं होतं. त्याने चार गाणी ठरवली, तीन जुनी, सगळीकडे वाजणारी, आणि चौथं माझं. मी आयुष्यात एकच धून बांधली. तिचं नाव 'ओडीलचा ओटा'.

ओडील माझी आई. लोकांचे शर्ट खळ घालून इस्त्री करायची आणि उन्हाळ्यात चूल पुढच्या ओट्यावर आणून तिथेच काम करायची. काम करताना गुणगुणायची. शब्द नसायचे, देवळातलं गाणंही नसायचं, तिचं तिचंच काहीतरी. इस्त्री गार झाली की ती मध्येच गप्प व्हायची, चुलीवरची दुसरी इस्त्री उचलायची, बोटाला थुंकी लावून ती तापलीय का बघायची आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे गुणगुणायला लागायची. ती गेल्यावर मी ही धून बांधली. मुखडा माझा होता. तो दोनदा यायचा, मग मधला तुकडा, मग परत मुखडा. तो मधला तुकडा मात्र आईचं गुणगुणणं होतं, जसंच्या तसं, मधल्या त्या गप्प होण्यासकट. तिथे सगळ्यांनी थांबायचं आणि मी एकटीने पुढे न्यायचं, असं ठरलेलं. आईचा एक फोटोसुद्धा नव्हता आमच्याकडे. जे काही होतं ते या आठ ओळींत होतं, आणि ते रेकॉर्डवर जाणार म्हणून मी आठवडाभर धड झोपले नाही.

पण दिवस? हॅलोरनकडे एकच आठवडा होता आणि तो नेमका कार्निव्हलचा. त्या दिवसांत आमच्या गावात वाजवणारा रिकामा सापडेल तर शपथ. मी सगळ्यांची वेळापत्रकं मांडली तेव्हा एकच दिवस मोकळा निघाला, कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचा, राखेचा बुधवार. उपासाचे चाळीस दिवस त्या दिवशी सुरू होतात, नाच बंद, वाजवणं बंद, म्हणजे सगळे घरी. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले.

"बुधवारी?" नार्सिस फोनवर ओरडला. "टीन, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मंगळवारी सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत आम्ही रस्त्यात चालणार. माझ्या खांद्यावर बासऐवजी तो पितळेचा अवजड ट्युबा असतो, माहितीय ना?"

"मग बुधवारी खांद्यावर काही नसेल. बास जमिनीवर उभं राहतं."

"तुला काय जातंय बोलायला! पियानो घेऊन कुणी मिरवणुकीत चालत नाही."

होसिया बाप्टिस्ट होता, त्याला राख-उपासाचं काही नव्हतं. तो म्हणाला, "येतो. फक्त दहाच्या आधी माझ्याशी कुणी बोलायचं नाही, आणि नार्सिसने दहाच्या नंतरही नाही."

पारेंना विचारायला मी त्यांच्या घरी गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते ते. म्हटलं, "मंगळवारची मिरवणूक सोडा ना या वर्षी. दमाल."

"सोडू? आणि लोक काय म्हणतील, ओविड मेला?"

"बुधवारी वाजवायचंय ना आपल्याला."

"मग वाजवू की. दोन दिवस लागोपाठ वाजवल्याने कुणी मरत नाही, पोरी. तुझी आई आठवड्याला सहा दिवस इस्त्री धरायची." मग म्हणाले, "ओडीलचं वाजवायचंय, येणार नाही का मी?"

बुधवारी सकाळी आम्ही आमच्या मदत मंडळाच्या हॉलवर जमलो. कुणाच्या मयतीला बॅन्ड लागला, कुणाच्या विधवेला आधार लागला की बघणारं ते मंडळ. हॉलमधला पियानो पुराच्या पाण्यात एकदा भिजून निघालेला, त्याच्या वरच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, आणि त्या चुकवून वाजवायची मला सवय झालेली. खिडक्या लावून घेतल्या, कारण एक गोरा माणूस आमच्या, काळ्यांच्या हॉलमध्ये आमच्याबरोबर बसलाय हे पोलिसांना दिसलं असतं तर चौकशीला निमित्तच मिळालं असतं. मी, नार्सिस आणि पारें देवळातून थेट आलेलो, कपाळावर राखेचा क्रूस. नार्सिसची राख घामाने ओघळून नाकावर आली होती.

"पूस ते," होसिया म्हणाला. "गिलावा करताना तोंडावर पडल्यासारखं दिसतंय."

"दहा वाजायचेत अजून," नार्सिस म्हणाला. "तूच नियम केलास."

मग मी पारेंकडे बघितलं. वरचा ओठ सुजला होता, मधोमध चीर पडलेली. ट्रंपेटवाल्याचा ओठ म्हणजे सगळं. काल दिवसभर, बारा तास, ते फुंकत चालले होते आणि आज मी त्यांना इथे आणून उभं केलं होतं. हा दिवस मीच निवडला होता, दुसऱ्या कुणी नाही.

हॅलोरन माणूस बरा होता. कमी बोलायचा, वायरी नीट गुंडाळायचा. आधी आम्ही 'ओडीलचा ओटा' एकदा सावकाश वाजवून बघितलं, म्हणजे त्याला आवाज लावून घेता येईल. पारें त्या वेळी फुंकलेच नाहीत, खुर्चीत बसून नुसतं तोंडाने गुणगुणले. मधल्या तुकड्यात माझ्याबरोबर तेही गुणगुणले आणि आई गप्प व्हायची तिथे बरोबर गप्प झाले. तिच्या ओट्यावर बसून त्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. माझ्यापेक्षा जास्तच.

मग ती तीन गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर पारें रुमाल ओठाला लावत आणि रुमाल खिशात ठेवताना घडी अशी घालत की डाग आत जावा. मी बघून न बघितल्यासारखं केलं. दोन वाजता ते म्हणाले, "टीन, आता तुझं घे. एकदाच जमेल मला."

होसियाने काठ्यांनी चार मोजले आणि आम्ही सुरू झालो.

मी खूप वर्षं वाजवलंय, पण तसा मुखडा मी ऐकला नव्हता. ओठ साथ देत नव्हता म्हणून ते जोर लावत नव्हते. अर्धे सूर नुसते श्वासासारखे, उरलेले असे की एखादा म्हातारा रस्त्याने जाता जाता ओट्यावरच्या बाईची विचारपूस करतोय. पहिला मुखडा झाला. दुसरा झाला. मधला तुकडा आला, मी दोन्ही हात उचलले, आईचा पहिला सूर माझ्या बोटांत होता, आणि पारेंनी परत मुखडाच धरला.

ते सरळ माझ्या आठ ओळींवरून चालत गेले. डोळे मिटलेले. त्यांना पत्ताच नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात लिहिलेला नियम एकही नाही, पण एक आहे तो सगळे पाळतात. वाजवताना एखादा वाट चुकला तर त्याला एकटं सोडायचं नाही. सगळ्यांनी मुकाट्याने त्याच्यामागून जायचं, तेही इतक्या झटकन की नाचणाऱ्याला पाऊल चुकल्यासारखं वाटू नये. आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ना त्याच्यापाशी, ना दुसऱ्यापाशी. हा नियम मला पारेंनीच शिकवला होता. मी एकोणीस वर्षांची असताना तळ्याकाठच्या एका नाचात घाबरून एक अख्खा भाग गाळला होता. पारें लगेच माझ्याबरोबर आले, त्यांच्यामागून अख्खा बॅन्ड आला. मी नंतर मागच्या दाराशी रडत उभी होते. "तुम्ही पण चुकलात माझ्यामुळे," म्हटलं. तर म्हणाले, "मी कुठे चुकलो? तू गेलीस तिथे आलो. तुला एकटीला टाकून कुठे जाणार होतो?" त्यानंतर त्यांनी तो विषय आयुष्यात काढला नाही.

तर नार्सिसने माझ्याकडे बघितलं, होसियाने बघितलं, आणि आम्ही तिघेही पारेंच्या मागून गेलो. माझे उचललेले हात मी मुखड्यावर ठेवले. मी सांगते, जाणूनबुजून काही ठरवलं नव्हतं. हात आपले गेले. पुढच्या फेरीतही त्यांनी तेच केलं, आम्हीही तेच केलं, आणि गाणं संपलं तेव्हा यंत्राची चाकं फिरत होती आणि कुणी श्वास सोडायला तयार नव्हतं.

पारें ट्रंपेट मांडीवर ठेवून म्हणाले, "झालं." ओठातून रक्त आलं होतं. "तोंड धुऊन येतो." आणि मागच्या अंगणातल्या नळाकडे गेले.

दार लागलं तसा हॅलोरन उठून माझ्यापाशी आला. "मिस लिओन्टीन, सकाळी यात मध्ये एक भाग होता ना? सगळे मध्येच थांबता तो?"

मी मान हलवली.

"तो राहिला. पण हरकत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या भागात ट्रंपेट नाहीच. तुम्ही तिघे आत्ता तेवढाच वाजवा, दोन मिनिटांचं काम. मी टेप कापून मध्ये जोडतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

खोटं कशाला बोलू, मला तो माणूस त्या क्षणी देवासारखा वाटला. पारेंचा तो मुखडाही राहणार होता आणि आईही राहणार होती. मी वळून पियानोवर बसले. हात ठेवले. "नार्सिस, ये," म्हटलं.

नार्सिस बासला टेकून उभा होता. जागचा हलला नाही. "पारें आत आले तर?" म्हणाला.

"नळावर आहेत."

"आणि रेकॉर्ड आली की? ऐकतील ना ते. आपण सगळे त्यांच्यामागून गेलो, त्यांना वाटलं सगळं बरोबर झालं, आणि ते बाहेर तोंड धूत होते तेव्हा आपण परत फिरून त्यांना सोडून आलो. तेच ऐकतील."

"माझी आई आहे ती, नार्सिस."

"माहितीय मला. माझेही शर्ट तिनेच इस्त्री केलेत." त्याने बासची मान घट्ट धरली. "तू म्हणालीस तर वाजवीन. तुझं गाणं आहे. तू म्हण फक्त."

होसिया काठ्या हातात घेऊन जमिनीकडे बघत बसला होता. मला दोघांचा भयंकर राग आला. मला हॅलोरनचा राग आला, कार्निव्हलचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, की बारा तास चाललेल्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी उभं करून मी आईला आणायला निघाले होते. बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी हात उचलले नाहीत. ठेवले होते तिथेच, पट्ट्या न दाबता.

पारें दारात आले. हनुवटीवरून पाणी निथळत होतं, कपाळावरची राख धुऊन गेली होती. आम्हा चौघांकडे बघून थबकले. "काय गं टीन? काही बिघडलं का?"

"काही नाही," मी म्हटलं.

"नीट झालं ना? ओडीलचं आहे. नीट नसेल तर सांग, ओठ गेला खड्ड्यात, परत वाजवतो."

"नीट झालं, पारें. अगदी नीट झालं." आणि हॅलोरनकडे वळून मी मोठ्याने म्हटलं, "गुंडाळा तुमच्या वायरी. गाडी चुकेल तुमची."

सहा महिन्यांनी रेकॉर्ड आली. मी ती घेऊन पारेंकडे गेले. त्यांनी शेजाऱ्याकडून यंत्र मागून आणलं, खुर्ची जवळ ओढली, कान अगदी टेकवून ऐकलं. संपल्यावर बराच वेळ सुई नुसती खरखरत राहिली.

"जरा छोटं झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"रेकॉर्डवर मावायला नको?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुई उचलली, रेकॉर्ड बाहीने पुसली आणि कागदात घालून ठेवली. "हं," म्हणाले. त्यापुढे ते दोन वर्षं जगले, आणि आम्ही पुन्हा कुठेही ते गाणं वाजवलं तर रेकॉर्डवर होतं तसंच वाजवलं. त्यांच्या मयतीला नार्सिस ट्युबा घेऊन स्मशानापर्यंत चालला. मीही चालले, हातात काही नव्हतं तरी.

पुढे नार्सिस गेला, होसिया मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेला. माझी बोटं आखडली, मी नुसतं देवळात वाजवायला लागले. रेकॉर्ड मात्र कुठे कुठे फिरत राहिली असणार, कारण पंचाऐंशी साली एक पोरगी माझ्या दारात आली. डिझिरे तिचं नाव, सव्वीस-सत्तावीसची, स्वतःचा बॅन्ड चालवणारी, ट्रंपेटवाली. शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात फोनवर लोकांना गोळा करायची, म्हणून मला ती लगेच आवडली. त्याच मदत मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्यांचा कार्यक्रम होता. मी एक गाणं वाजवायला यावं, म्हणाली.

"कुठलं?"

"म्हणजे काय, मिस टीन! 'ओडीलचा ओटा'. आम्ही सगळे तुमच्या रेकॉर्डवरून शिकलोय. ओविड ट्रेपानिएंचा एकेक सूर पाठ आहे मला."

पियानो नवा होता, सगळ्या पट्ट्या बोलणाऱ्या. डिझिरेने मुखडा घेतला, खरंच एकेक सूर पाठ होता तिला, अर्धे श्वासासारखे सोडलेलेसुद्धा. ते तिने फाटक्या ओठाशिवाय कसे जमवले देव जाणे. पहिला मुखडा झाला. दुसरा झाला. मी सत्तर वर्षांची होते, आई जाऊन पस्तीस वर्षं झाली होती, आणि माझे हात तिथे आपोआप वर उचलले गेले. मी तिसरा मुखडा न धरता मधला तुकडा धरला.

डिझिरेचा एक सूर निसटला आणि तिने तो तिथेच गिळला. बासवाल्याने झटकन माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. एका मात्रेत सगळे माझ्यामागून आले होते. म्हातारी वाट चुकली, असंच वाटलं असणार त्यांना, दुसरं काय वाटणार? त्यांच्यापैकी कुणीही हा तुकडा कधी ऐकलेला नव्हता. आणि आई इस्त्री बदलायला उठायची ती जागा आली, मी थांबले, तर अख्खा बॅन्ड थांबला. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत. डिझिरे ट्रंपेट छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी, की मिस टीन जातील तिथे जाऊ. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. मग मी जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाजवत गेले, सावकाश, शेवटपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर डिझिरेने मला कोट घालायला मदत केली. पायऱ्यांवर माझं कोपर धरलं, जरा जास्तच जपून.

"छान झालं, मिस टीन," ती म्हणाली.

मी वाट बघत होते. बासवाला आला, गालाला गाल लावून गेला. ड्रमवाल्याने गाडीचं दार उघडून धरलं. त्या तुकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो चुकून आलेला नव्हता, हे सांगायचं तर पारेंचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून मीही शब्द काढला नाही.